ग्रिडचा आकडा जमिनीवर तपासा: पाणी-सल्ला समितीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
पिकांचा पाणी-सल्ला ठरवणारी तांत्रिक समिती

स.न.वि.वि.

या उन्हाळ्यापासून शेतकऱ्यांच्या मोबाइलवर येणारा पाण्याचा सल्ला फक्त ग्रिडच्या, म्हणजे नकाशाच्या एकेका चौकटीसाठी काढलेल्या हवामानाच्या, आकड्यांवरून काढायचा, असे आपण ठरवले. मंडळातल्या हवामान केंद्रांच्या नोंदी सल्ल्यात धरणे बंद झाले, बाष्पपात्राचे, म्हणजे रोज किती पाणी उडाले ते दाखवणाऱ्या उघड्या पात्राचे, रोजचे वाचनही थांबले. परिपत्रकात कारण एका ओळीत उरकले आहे: माहिती आधुनिक आहे, अखंड आहे आणि सगळे क्षेत्र व्यापते. तिन्ही गोष्टी मान्य. पण हा आकडा आमच्या शिवारात बरोबर येतो का, ते कोणी, कधी आणि कशाशी ताडून पाहिले, याबद्दल त्या परिपत्रकात अक्षरही नाही. बैठकीत विचारले तेव्हा एका सदस्यांनी हसून उत्तर दिले, "उपग्रह काय खोटं बोलतो का?" त्या उत्तरावर सभागृह हसले आणि विषय संपला. माझ्यासाठी तो संपलेला नाही, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

मी यावल तालुक्यात केळी लावतो. मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड), कांदेबाग (पावसाळा सरताना, ऑक्टोबरच्या सुमाराची), पिलबाग (आधीच्या खोडाच्या पिलावर धरलेली) असे सगळे प्रकार आमच्याकडे आहेत. शेतीत पूर्णवेळ येण्याआधी मी बरीच वर्षे एका कृषी हवामान वेधशाळेत निरीक्षक होतो. त्यामुळे सल्ल्यातला आकडा कुठून येतो हे मला दोन्ही बाजूंनी माहीत आहे. सकाळी उठून तो मोजला आहे, आणि आता त्याच आकड्यावर व्हॉल्व्ह किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवतो. माझ्या गल्लीत तर बहुतेकांनी स्वतःचा अंदाज सोडून दिला आहे. शेजारचे अप्पा सत्तरीचे आहेत. मातीचा गोळा मुठीत दाबून पाणी द्यायचे की नाही ते ठरवणारा हा माणूस आता नातवाला विचारतो, "आज मोबाइलनं किती सांगितलं?" लोकांनी एवढा विश्वास टाकला असेल तर तपासणीची जबाबदारी आपल्यावर तेवढीच मोठी आहे.

एका मिलिमीटरने काय बिघडते, असे शहरातल्या वाचकाला वाटेल. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे चार हजार लिटर. दीड बाय दीड मीटरवर लावलेल्या केळीत एकरी सुमारे अठराशे खोडे बसतात. एका खोडाच्या वाट्याला सव्वादोन चौरस मीटर जागा येते. निसवणीच्या, म्हणजे घड बाहेर पडण्याच्या, वेळचा पीक गुणांक (हवेवरून काढलेल्या मूळ आकड्याला पिकानुसार ज्याने गुणतात तो) १.१ धरला तर सल्ल्यातली एक मिलिमीटरची चूक म्हणजे दर खोडामागे रोज अडीच लिटरची चूक. मे महिन्यात बाग निसवत असताना रोज अडीच लिटर कमी पडले तर घडाच्या शेवटच्या फण्या भरत नाहीत, आणि व्यापारी ते बांधावरूनच ओळखतो. उलट अडीच लिटर जादा दिले तर विहीर लवकर तळ गाठते आणि वीज असेल तेवढ्या तासांत ठिबकच्या शेवटच्या नळीपर्यंत पाळी पोहोचत नाही. रावेर-यावलमध्ये भूजलाचा उपसा भरण्यापेक्षा जास्त आहे, हे सरकारी मूल्यांकनांत वर्षानुवर्षे येत आले आहे. म्हणजे चूक कोणत्याही बाजूला झाली तरी किंमत आम्हीच मोजतो.

आता आमच्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मूळ तक्रार ही, की आपण कोणते ग्रिड वापरता हेच सल्ल्यावर लिहिलेले नसते. ग्रिड काही एकच नाही. युरोपीय हवामान केंद्राचे ईआरए५ आहे, त्याची चौकट पाव अंशाची. त्यावरूनच काढलेले ईआरए५-लँड आहे, त्याची चौकट दशांश अंशाची. आपल्या हवामान खात्याचे तापमानाचे ग्रिड एका अंशाचे आहे. उपग्रहाच्या मोडिस उपकरणावरून काढलेले बाष्पोत्सर्जन (जमिनीतून आणि पानांतून वाफ होऊन उडणारे पाणी) पाचशे मीटरचे असते, पण ते आठ दिवसांची बेरीज देते. चौघांचे स्वभाव वेगळे आणि चुकाही वेगळ्या. त्या सदस्यांना नम्रपणे सांगतो, की यातली ईआरए५ची दोन्ही ग्रिडे म्हणजे उपग्रहाने काढलेले फोटो नाहीत. ते मॉडेल आहे. उपग्रह, फुगे, जहाजे, जमिनीवरची केंद्रे यांची निरीक्षणे त्यात ओतली जातात आणि मधल्या जागा भौतिकशास्त्राच्या समीकरणांनी भरल्या जातात. ईआरए५-लँड तर नवी निरीक्षणे थेट घेतही नाही, ते ईआरए५च्या हवेवर चालते. काम मोठे आहे, १९४० पासूनचे तासातासाचे हवामान त्यांनी उभे केले आहे, आणि मी स्वतः ते आदराने वापरतो. पण मॉडेलचे उत्तर शेवटी अंदाजच असते, आणि अंदाज जमिनीवर ताडून पाहायचा असतो.

दुसरी तक्रार सातपुड्याची. पाव अंशाची चौकट आमच्या अक्षांशावर साधारण २८ बाय २६ किलोमीटरची होते. यावल किंवा रावेर तालुक्यात तेवढ्या अंतरात काय काय येते ते नकाशा उघडून बघा. वर सातपुड्याचा माथा आणि जंगल, पायथ्याची बरड जमीन, मधे केळीचा हिरवा पट्टा, खाली तापीकाठची काळी. मॉडेलच्या लेखी या सगळ्याची उंची एक आणि तापमानही एक. आमची शेते समुद्रसपाटीपासून दोनशे-अडीचशे मीटरवर आहेत. डोंगर धरून चौकटीची सरासरी उंची त्याहून तीनशे मीटर जास्त निघाली, तर किलोमीटरला साडेसहा अंशांच्या नेहमीच्या हिशेबाने मॉडेलची हवा आमच्या हवेपेक्षा दोन अंश थंड राहील. ही दुरुस्ती करणे अवघड नाही, चौकटीची उंची ग्रिडबरोबरच मिळते. आपण ती करता की नाही, एवढेच सांगा.

वाऱ्याबद्दल मात्र मला जरा सविस्तर बोलू द्या, कारण खानदेशच्या उन्हाळ्यात सगळा खेळ वाऱ्याचा आहे.

संदर्भ बाष्पोत्सर्जन, म्हणजे त्या हवेत ठरावीक गवतातून किती पाणी उडेल तो मूळ आकडा, काढायला जगभर जागतिक अन्न व कृषी संघटनेने १९९८ मध्ये ठरवून दिलेले पेनमन-माँटिथ समीकरण वापरतात. त्यात बारा सेंटिमीटर उंचीचे, पाण्याची कमतरता नसलेले हिरवे गवत गृहीत धरलेले असते, आणि वारा जमिनीपासून दोन मीटरवरचा लागतो. ग्रिडमध्ये वारा मिळतो दहा मीटरवरचा. तो दोन मीटरवर आणायला सुमारे ०.७५ ने गुणावे लागते. आता मे महिन्यातला आमच्याकडचा एक दिवस घ्या. कमाल तापमान ४३, किमान २७, हवेतल्या वाफेचा दाब १.७ किलोपास्कल, निव्वळ प्रारण (जमिनीला मिळणारी उन्हाची ऊर्जा) चौरस मीटरला १४ मेगाज्युल, आणि दहा मीटरवर वारा सेकंदाला ४ मीटर. वारा खाली आणून ३ धरला तर उत्तर पावणेदहा मिलिमीटरच्या आसपास येते. कोणी विसरून ४ च घातला तर ११ येते. एका गुणाकाराच्या विसराने सव्वा मिलिमीटर, म्हणजे एकरी पाच हजार लिटर. आणि मॉडेलचा वारा मुळातच मंद असेल, समजा दोन मीटरवर दीडच, तर त्याच दिवशी उत्तर साडेसातच्या खाली जाते. तापमान तेच, ऊन तेच, फक्त वारा बदलला. थंडीत, हवा शांत आणि दमट असताना, हाच फरक नगण्य असतो. म्हणून डिसेंबरात जुळलेला आकडा दाखवून मे महिन्याची हमी देता येत नाही.

शिवाय आमच्या बागांभोवती शेवरीचे आणि गजराज गवताचे कुंपण असते, ते वाऱ्यासाठीच लावलेले. आतला वारा आणि बांधावरचा वारा यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. ग्रिडला ते कळणे शक्य नाही आणि तशी अपेक्षाही नाही. पण सल्ला लिहिणाऱ्या माणसाला ते कळायला हवे.

पीक गुणांकाचेही तेच. त्याच संघटनेच्या पुस्तकातला केळीचा १.१ हा किमान आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आसपास आणि वारा सेकंदाला २ मीटर असलेल्या हवेसाठी आहे. वर सांगितलेल्या दिवशी दुपारची आर्द्रता वीस टक्के भरते. त्याच पुस्तकातल्या दुरुस्तीच्या सूत्राने तीन मीटर उंच बागेचा गुणांक १.२४ होतो. सल्ल्यात मात्र कोरड्या मे महिन्यातही १.१ च दिसतो.

मग दिवस कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हाही एक प्रश्न आहे. ईआरए५ची तारीख जागतिक वेळेने, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला बदलते. हवामान खात्याच्या पावसाचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो. स्वयंचलित केंद्र मध्यरात्री पान उलटते. तिन्ही आकडे एकाच तारखेखाली मांडले की वळवाच्या एका सरीने आख्खा आठवडा विस्कटतो. ग्रिडमध्ये बाष्पीभवन मीटरमध्ये आणि उणे चिन्हासह येते, कारण तिथे खाली येणारा प्रवाह अधिक धरतात. त्यातले 'संभाव्य बाष्पीभवन' नावाचे तयार सदर आणि आपले संदर्भ बाष्पोत्सर्जन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ईआरए५-लँडमध्ये ते सदर उघड्या पाण्याच्या बाष्पीभवनासारखे काढलेले आहे. ते उचलून थेट पीक गुणांकाने गुणले असेल, तर मे महिन्यातला आकडा ऐकून तापीलाही घाम फुटेल. आपण नेमके काय करता ते कागदावर नाही, म्हणून विचारतो.

आता दुसऱ्या बाजूचेही बोलतो, नाहीतर मला फक्त जुन्या उपकरणांचा लळा आहे असे म्हणाल. हवामान केंद्र बाष्पोत्सर्जन मोजत नाही. ते तापमान, आर्द्रता, वारा आणि प्रारण मोजते, त्यावरून आपण हिशेब करतो. ते चारही आकडे खराब असू शकतात, आणि आमच्या भागात बऱ्याच ठिकाणी आहेत. परवा एका मंडळाचे केंद्र पाहून आलो. प्रारण मोजणाऱ्या काचेच्या घुमटावर धुळीचा थर, त्यावर कबुतराची विष्ठा वाळलेली. वाऱ्याच्या तीन वाट्या फिरत होत्या, पण थांबताना झटका देऊन थांबत होत्या. याचा अर्थ बेअरिंग गेले आहे आणि मंद वारा नोंदलाच जात नाही. भोवती गवताची काडी नाही, मुरूम टाकलेला. पाच पावलांवर कडुनिंब वाढून मस्तकाच्या वर गेला आहे. अशा केंद्राशी ग्रिड ताडून 'ग्रिड चुकले' म्हणणे हाही अन्यायच. मुरमावरचे केंद्र पाणी दिलेल्या गवतापेक्षा गरम आणि कोरडी हवा नोंदवते, त्यामुळे तिथून काढलेले संदर्भ बाष्पोत्सर्जन फुगते. म्हणून केंद्राची नोंद आधी पारखायची, मग तिच्याशी ग्रिड ताडायचे.

पारखायच्या रीती ठरलेल्या आहेत आणि त्यांना खर्च नाही. निरभ्र दिवशी जमिनीवर पोचणारे ऊन वातावरणाबाहेरच्या उन्हाच्या सुमारे पाऊणपट असते. पावसाळा सरल्यावरच्या धुतलेल्या आकाशातही केंद्राची नोंद त्या रेषेला कधीच टेकत नसेल, तर घुमट घाण आहे किंवा उपकरण कलले आहे. पावसानंतरच्या पहाटे आर्द्रता शंभरच्या जवळ जायला हवी. ती ऐंशीवर अडकत असेल तर सेन्सर गेला. शेजारच्या दोन केंद्रांच्या वाऱ्याचे गुणोत्तर महिन्यामहिन्याने सरकत असेल तर एकाची वाटी जड झाली आहे.

आणि बाष्पपात्र. ते आपण बंद केले याचे मला सर्वांत वाईट वाटते. एक मीटर वीस सेंटिमीटर व्यासाचे, पंचवीस सेंटिमीटर खोल, लाकडी चौकटीवर ठेवलेले ते पात्र. आत पितळी नळकांड्यात एक टोकदार आकडी. सकाळी पाणी त्या टोकाच्या खाली गेलेले असते. मापी भांड्याने थोडे थोडे ओतत जायचे. टोक आणि त्याचे पाण्यातले प्रतिबिंब एकमेकांना टेकले की थांबायचे. भांड्याचा व्यास पात्राच्या दहावा हिस्सा, म्हणून भांड्यातला एक सेंटिमीटर म्हणजे पात्रातला दशांश मिलिमीटर. पात्रालाही खोडी आहेत. उन्हाळ्यात कावळे, कुत्री पाणी प्यायला येतात म्हणून वर जाळी लावतात, जाळीने बाष्पीभवन घटते. भोवतालचे गवत वाळले की गुणांक बदलतो. तरीही आपल्या सगळ्या साधनांत हे एकच साधन उडून गेलेले पाणी प्रत्यक्ष दाखवते. बाकी सगळे हिशेबाचे आहे. ते बंद करून वाचला तो फक्त एका रोजंदारी निरीक्षकाचा पगार.

शेवटची तक्रार साधी आहे, पण महत्त्वाची. बैठकीत आपल्या सादरीकरणात 'सहसंबंध ०.९ पेक्षा जास्त' (ग्रिडचे आणि केंद्राचे आकडे जवळजवळ एकत्रच चढतात-उतरतात, असा त्याचा अर्थ) अशी एक पाटी झळकली आणि टाळ्या पडल्या. मे महिन्यात आकडा वर जातो, डिसेंबरात खाली येतो. हे ग्रिडला कळते, केंद्राला कळते आणि गुरे चारणाऱ्यालाही कळते. वर्षभराचे आकडे एकत्र केले तर ऋतूंच्या चढउताराने सहसंबंध चांगला येणारच. रोज वीस मिनिटे मागे असलेल्या घड्याळाचा बरोबर घड्याळाशी सहसंबंध पूर्ण एक येतो, पण गाडी चुकते ती चुकतेच. आम्हाला हवे ते वेगळे आहे: मे महिन्यात ग्रिड सरासरी किती मिलिमीटर वर किंवा खाली असते, आणि एखाद्या दिवशी ते किती भरकटते. ज्या केंद्रांच्या नोंदी वापरून ग्रिड दुरुस्त केले, त्याच केंद्रांवर त्याची परीक्षा घेतली असेल तर तेही सांगा. पेपर फोडून दिलेल्या परीक्षेचे गुण आम्ही धरत नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत.

गेल्या तीन उन्हाळ्यांचे, शक्य असल्यास तीन हिवाळ्यांचेही, ग्रिडवरून आणि केंद्रावरून काढलेले रोजचे संदर्भ बाष्पोत्सर्जन मंडळवार शेजारी शेजारी मांडून सर्वांसाठी खुले करा. आकृत्या नकोत, आकडे द्या. त्यासोबत कच्चे तापमान, आर्द्रता, वारा आणि प्रारणही द्या, म्हणजे फरक कुठून येतो ते कळेल.

प्रत्येक सल्ल्याखाली चार ओळी छापा: ग्रिड कोणते, चौकटीची उंची किती, वारा कोणत्या उंचीवरचा, पीक गुणांक कोणता.

पडताळणीचा निकाल महिनावार जाहीर करा. यावल-रावेरचा केळीपट्टा, चोपडा, पारोळा-अमळनेरचा कोरडवाहू कापूस, शिरपूर-शहाद्याचा तापीकाठ, अक्कलकुवा-धडगावचा डोंगर, असे भाग वेगळे ठेवा. सगळ्या खानदेशाची मिळून एक सरासरी कोणाच्याच शेताला लागू पडत नाही.

प्रत्येक तालुक्यात निदान एक केंद्र नीट करा: गवत, कुंपण, स्वच्छ घुमट, नवे बेअरिंग, आणि दुरुस्तीची नोंदवही जिथे कोणालाही उघडून पाहता येईल. ही केंद्रे ग्रिड दुरुस्त करायला वापरू नका, फक्त तपासायला राखून ठेवा. त्यांतल्या निदान एका ठिकाणी बाष्पपात्र पुन्हा भरा.

केळीच्या एका बागेत लायसीमीटर, म्हणजे पिकाने वापरलेले पाणी थेट मोजणारी मातीची टाकी, बसवा. ते परवडत नसेल तर पाण्याच्या मीटरने आणि मातीच्या ओलाव्याच्या नोंदींनी एका हंगामाचा जमाखर्च मांडा. संदर्भ बाष्पोत्सर्जन बरोबर आले तरी आमचे पीक खरेच तेवढे पाणी पिते का, हा पुढचा प्रश्न उरतोच. त्यासाठी बांधावरची जागा मी देतो, पाण्याचा मीटरही माझ्या खर्चाने लावतो.

आणि हे सगळे होईपर्यंत ग्रिडच्या आकड्यावरून कालव्याच्या पाळीचा किंवा उपशाच्या परवानगीचा कोणताही निर्णय घेऊ नका. सल्ला म्हणून तो जरूर पाठवा. मात्र '७.४ मिलिमीटर' असा दशांशापर्यंतचा आकडा देण्यापेक्षा 'सात ते नऊ' असा पल्ला लिहा. अप्पांना तो पल्ला समजतो. त्यात कुठे बसायचे ते मातीचा गोळा दाबून ठरवायला ते अजून समर्थ आहेत.

कच्चे आकडे देण्यासाठी एक महिना पुरेसा आहे, ते आपल्याच संगणकात आहेत. पडताळणीसाठी कांदेबागेची लागवड होईपर्यंतचा वेळ घ्या. मनुष्यबळ नाही ही अडचण असेल तर आमच्या पट्ट्यातली काही कृषी पदवीधर मुले हिशेब करायला तयार आहेत. केंद्र कसे पारखायचे ते मी त्यांना शिकवीन, मानधन नको. लेखी उत्तर द्यावे आणि ते या पत्रासारखेच सर्वांना वाचता येईल असे द्यावे, ही विनंती.

कळावे,

आपला,
यावल तालुक्यातील एक केळी उत्पादक व माजी वेधशाळा निरीक्षक